सर्किट बोर्डाचं आजोळ

कोलकात्याच्या चांदनी चौकात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांची दाटी आहे. घरच्या घरी सर्किट बोर्ड करणाऱ्याचं सामान मोजकंच असतं: तांब्याचा थर चिकटवलेला कोरा बोर्ड, फेरिक क्लोराइड आणि बारीक ड्रिल. आराखडा लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायचा, तांब्यावर पालथा घालायचा आणि वरून गरम इस्त्री फिरवायची. टोनर म्हणजे मुख्यतः प्लॅस्टिकची भुकटी. ती वितळते आणि तांब्याला धरते. कागद भिजवून सोडवला की काळ्या रेषा उरतात. मग बोर्ड फेरिक क्लोराइडच्या द्रावणात हलवत राहायचा. रेषांखालचं तांबं वाचतं, उघडं असेल ते विरघळतं. हा थर साधारण ३५ मायक्रॉनचा, म्हणून काम लवकर उरकतं.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना ही युक्ती आपली वाटते. खरी ती छपाईचे धातूचे ठसे करणाऱ्या ब्लॉकमेकरांची.

आणि कोलकात्याला तर ती फारच जुनी. सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी मुलांसाठी रामायण लिहिलं, चित्रंही स्वतः काढली. पण लाकडी ठशांनी छपाईत चित्रांची रया घालवली. उपेंद्रकिशोर हळहळत बसले नाहीत. १८९५ साली त्यांनी लंडनच्या पेनरोज कंपनीकडून सामग्री मागवली आणि पुस्तकं वाचून हाफटोन, म्हणजे बारीक ठिपक्यांतून छटा छापणारे, ब्लॉक करायला ते स्वतःच शिकले. पुढे पेनरोजच्याच वार्षिकात त्यांचे हाफटोनवरचे लेख छापून आले. मुलगा सुकुमार १९११ साली हीच विद्या शिकायला इंग्लंडला गेला.

तांब्याच्या हाफटोन ब्लॉकची रीत अशी होती: पत्र्यावर बायक्रोमेट मिसळलेल्या सरसाचा लेप द्यायचा आणि त्यावर निगेटिव्हमधून प्रकाश पाडायचा. उजेड लागतो तिथे लेप घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो. उघडं पडलेलं तांबं खायला घालायचं ते फेरिक क्लोराइडलाच! आज इस्त्रीऐवजी प्रकाशसंवेदी फिल्म आणि अतिनील दिवा वापरणारे हौशी लोक जवळजवळ हेच करतात.

आपले दादासाहेब फाळकेही सिनेमाआधी याच धंद्यात होते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी एन्ग्रेव्हिंगचा छापखाना चालवला.

छपाई आणि वीज यांची गाठ प्रत्यक्ष घालून दिली पॉल आयस्लर या व्हिएन्नाच्या अभियंत्याने. त्याने तिथे छपाईच्या व्यवसायात काम केलं होतं. १९३६ साली तो लंडनला आला आणि छापील सर्किटवर चालणारा रेडिओ त्याने करून दाखवला. कारखानदारांना त्याचं अप्रूप वाटलं नाही. तारा जोडायला मुली स्वस्तात मिळतात, असं त्याला ऐकवलं गेल्याचं सांगतात. पेटंटचा अर्ज त्याने १९४३ साली केला. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये छापील सर्किटं आली आणि त्यानंतर कुणाला समजवावं लागलं नाही.

घरी सर्किट बोर्ड करून पाहणाऱ्याने हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. वापरून हिरवट झालेलं द्रावण मात्र मोरीत ओतू नये. प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवून घातक कचऱ्यात द्यावं. त्यात विरघळलेलं तांबं माशांना विषारी असतं, आणि कोलकात्याच्या सांडपाण्याचा मोठा भाग शहराच्या पूर्वेकडच्या पाणथळीत जातो, जिथे त्याच पाण्यावर मासे वाढवले जातात.