बडोद्याची कचेरी आणि अरविंदांचा योग

अठराव्या शतकांतील युरोपच्या इतिहासांत सुधारक राजसत्ता व गूढवादी लेखक यांची मोठी चमत्कारिक सोबत आढळते. स्वीडनचा स्वीडनबोर्ग हा सरकारी खाणखात्यांतील अधिकारी. देवदूतांशीं झालेलीं संभाषणें लिहिण्याच्या वाटेस लागल्यावर १७४७ सालीं त्यानें ती जागा सोडली. उलट प्रशियांत बुद्धिवादी फ्रेडरिकच्या मागून त्याचा पुतण्या गादीवर आला, तो गूढमंडळ्यांच्या नादीं लागला, आणि त्या पंथांतल्याच वोल्नर नांवाच्या मंत्र्यानें १७८८ सालीं धर्ममतांवर निर्बंध घालणारा हुकूम काढला. एके ठिकाणीं गूढवाद कचेरींतून बाहेर पडला, दुसरीकडे तो कचेरींत शिरला. आपल्याकडील उदाहरण या दोहोंहून निराळें आहे.

सयाजीराव महाराजांच्या हातीं १८८१ सालीं राज्यकारभार आला. अमरेली भागांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनीं १८९३ सालीं सुरू केला व १९०६ सालीं तो राज्यभर लागू केला. त्याच १८९३ सालच्या फेब्रुवारींत विलायतेहून आलेला एक तरुण दरमहा २०० रुपयांवर बडोद्यास रुजू झाला. प्रथम जमाबंदीकडे, मग सचिवालयांत, पुढें कॉलेजांत फ्रेंच व इंग्रजी शिकविण्यास, अशी अरविंद घोष यांची तेथील नोकरी. महाराजांचे कांहीं मसुदेहि त्यांच्या हातचे असत.

महाराजांनीं योग्याला आश्रय दिला असें कोणी कौतुकानें म्हणतात. तें मला पटत नाहीं. महाराजांना हवा होता तो उत्तम इंग्रजी लिहिणारा हुषार अंमलदार. १९०३ सालीं काश्मीरच्या प्रवासांत त्यांनीं अरविंदांना चिटणीस म्हणून बरोबर नेलें. दोघांचें पटलें नाहीं, व तो प्रयोग पुन्हा झाला नाहीं. परंतु त्याच प्रवासांत, तख्त-इ-सुलेमान टेकडीवर फिरतांना, अरविंदांना अनंत शून्याचा अनुभव आला. चिटणीशी फसली आणि प्रवास फळास आला, असेंच म्हणावें लागेल! महाराजांनीं जें दिलें तें याहून साधें होतें: पोटापुरतें वेतन आणि फावला वेळ. संस्कृत, बंगाली व मराठी यांचा अभ्यास अरविंदांनीं याच वर्षांत केला. एखाद्या संस्थानिकाच्या हातून एवढें घडणें ही लहान गोष्ट नव्हे.

१९०६ सालीं ते कलकत्त्यास गेले. डिसेंबर १९०७ मध्यें सुरतेची काँग्रेस फुटली, त्यानंतर ते बडोद्यास आले, आणि तेथें खासेराव जाधवांच्या घरीं विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याची गांठ पडली. मग सरदार मजुमदारांच्या वाड्यांत एका खोलींत दोघे बसले. लेल्यांची शिकवण एवढीच: विचार आपले नव्हेत, ते बाहेरून येतात, येतांना पाहा व आंत शिरण्यापूर्वींच परतवून लावा. तीन दिवसांत मन निःशब्द झालें. पश्चिमेच्या विद्येंत वाढलेल्या पंडिताला ही गोष्ट शिकविणारा गृहस्थ स्वतः फारसा शिकलेला नव्हता, हें मला या प्रकरणांतलें सर्वांत मोलाचें वाटतें.

पुढें पुणें, नाशिक करीत अरविंद आमच्या वऱ्हाडांत आले. २९ जानेवारी १९०८ रोजीं अमरावतीच्या राष्ट्रीय शाळेच्या पटांगणांत त्यांचें व्याख्यान झालें. विषय ‘वंदे मातरम्’. यवतमाळासहि त्या काळीं राष्ट्रीय शाळा होती, तेव्हां अमरावतीचा तो आवाज इकडे परका वाटण्याचें कारण नव्हतें. श्रोत्यांना दिसला तो जहाल पुढारी; त्या शब्दांमागें बडोद्याच्या खोलींतली ती शांतता उभी आहे, हें त्यांतल्या कोणास ठाऊक असणार? मुंबईच्या सभेपूर्वीं लेल्यांनीं सांगितलें होतें कीं, श्रोत्यांना नमस्कार करून थांबावें, बोलणें आपोआप येईल. आणि तें आलें.

लवकरच लेले कलकत्त्यास गेले. तेथें अरविंदांचे बंधु बारींद्र व त्यांचे सोबती यांचा बाँबचा उद्योग त्यांच्या ध्यानीं आला. हा मार्ग सोडा, नाहीं तर खड्ड्यांत पडाल, असें त्यांनीं बजावलें. पण कोणीं ऐकलें नाहीं. २ मे १९०८ रोजीं अरविंदांना अटक झाली.