बिडाचा तवा : गंज काढणे, तेल देणे, जपणे

भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. पितळेला आतून कल्हई लागते, तसं बिडाला तेल लागतं. आंबागड-तुमसर भागात पावसाळ्यात ओला ठेवलेला तवा एका रात्रीत तांबूस होतो. तो भंगारात देऊ नका, नीट होतो.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात 2 ते 4 टक्के कार्बन असतो, म्हणून ते ठिसूळ. तापल्या तव्यावर गार पाणी टाकलं तर तडा जाऊ शकतो.

गंज काढणे : जाडं मीठ आणि तारेच्या घासणीनं घासा, धुवा, आचेवर पूर्ण सुकवा. जवसाचं किंवा खाण्याचं कोणतंही तेल अगदी पातळ लावा, जास्तीचं पुसा, धूर येईपर्यंत तापवा. असं तीन-चार वेळा करा. तेलाचा कडक काळा थर बसतो. तेल जास्त झालं तर तवा चिकट होतो.

रोजची काळजी : भिजत घालू नका. कोमट असताना धुवा, सुकवा, तेलाचा हात फिरवा. रोटी, ईदची कलेजी यावर छान होते. चिंच-टोमॅटोचा रस्सा मात्र शिजवू नका, आंबटानं थर निघतो.

तब्येत : बिडातून अन्नात थोडं लोह उतरतं. रक्त कमी असलेल्या आया-बहिणींना त्याची मदत होते, पण ते गोळ्यांच्या बदल्यात नाही. घरात कुणाला थॅलेसेमियामुळे किंवा सिकलसेलमुळे वारंवार रक्त चढवावं लागत असेल, तर त्याच्या शरीरात लोह आधीच साचतं. त्याचं जेवण वेगळ्या भांड्यात करा, डॉक्टरांना विचारा.