परिचारिका आणि शिक्षिका

आमच्या पांढरपेशा घरांतील एखादी मुलगी शिक्षिका व्हावयास निघाली, तर तिला कोणी अडवीत नाहीं. तीच नर्स व्हावयास निघाली, तर आजहि एखादा वडीलधारा क्षणभर गप्प बसतो. या क्षणभराच्या मौनामागें शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. जी मुलगी या दोन्ही गोष्टी एकाच जन्मांत साधूं पाहते, तिच्या वाट्यास तो कसा येतो, हें पाहण्याचा येथें आमचा हेतु आहे.

या इतिहासाचा एक धागा नाशिककरांस घरचाच वाटेल. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 1842 सालीं याच जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. पुढें 1878 च्या सुमारास त्यांची बदली नाशिकास झाली, तेव्हां सोळा वर्षांच्या रमाबाई त्यांच्या समवेत येथें राहिल्या. न्यायमूर्ति 1901 सालीं निवर्तले. त्यानंतर 1909 सालीं रमाबाईंनीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्यानें पुणें सेवासदन उभें केलें. त्या संस्थेंत स्त्रियांस शिक्षिका करण्याची सोय झाली आणि ससून रुग्णालयाच्या आश्रयानें त्यांस नर्स करण्याचीहि सोय झाली.

एकाच छपराखालीं हे दोन्ही मार्ग निघाले खरे. पण लोकांच्या मनांत त्यांची किंमत सारखी नव्हती. शिक्षिकेच्या हातीं पुस्तक असे, म्हणून तिचा मान लवकर वाढला. नर्सला परपुरुषाच्या अंगास हात लावावा लागे, रात्रपाळी करावी लागे, बाळंतपणाचा विटाळ सोसावा लागे. सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेल्या घरांस हें सारें हलकें काम वाटे. अशा काळांत विधवांना व गरजू स्त्रियांना या धंद्यांत प्रतिष्ठेनें उभें करणें हें केवढें धाडस होतें, याची कल्पना आज सहज येणार नाहीं.

वस्तुतः आधुनिक नर्सिंगच्या मुळाशीं शिकविणें आणि शुश्रूषा हीं दोन कामें वेगळीं नव्हतींच. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या नांवें लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत 1860 सालीं शाळा निघाली, तेव्हां रुग्णालयाची मेट्रन हीच शाळेची प्रमुख होती आणि वॉर्डांतील सिस्टर खाटेपाशीं उभी राहून मुलींना धडे देई. आमच्याकडील रुग्णालयांनीं हाच कित्ता गिरविला. पण येथें त्याला एक वाईट वळण लागलें. मनुष्यबळ तुटपुंजें असल्यामुळें शिकणाऱ्या मुलींकडे स्वस्तांतील कामकरी म्हणून पाहण्याची संवय जडली आणि शिकणें मागें पडलें. 1946 च्या भोर समितीच्या अहवालानुसार त्या वेळीं साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत नर्सांची संख्या सुमारें 7,000 होती. म्हणजे सुमारें 43,000 माणसांमागें एक नर्स.

यावर उपाय म्हणून शिक्षण रुग्णालयाच्या कामापासून अलग करण्यांत आलें. 1946 सालींच दिल्ली व वेल्लोर येथें पदवीचे अभ्यासक्रम निघाले. 1947 सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. 1959 सालीं दिल्लीस पदव्युत्तर शिक्षण सुरू झालें. महाराष्ट्रांत 1998 सालीं नाशिक येथें आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालें, आणि राज्यांतील नर्सिंग महाविद्यालयांचे अभ्यासक्रम व परीक्षा यांचें केंद्र गोदाकाठीं आलें. पदव्युत्तर परीक्षेस पांच शाखा आहेत: वैद्यकीय व शस्त्रक्रियाविषयक, बालरोग, प्रसूति व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामाजिक आरोग्य.

शिक्षणास स्वतंत्र घर मिळालें, हें उत्तमच झालें. परंतु एक दुरावाहि त्याच दारानें आंत आला. जी नर्स एखाद्या शाखेंत पारंगत होते, तिला त्या विद्येचें चीज बहुधा महाविद्यालयांतच होतांना दिसतें. ती वर्गांत जाते. खाट तिला अंतरते. वॉर्डास आपली सर्वांत जाणती बाई मुकावी लागते, आणि कांहीं वर्षांनीं वर्गासहि जुन्या आठवणींवर शिकविणारी बाई उरते.

एकच उदाहरण घेऊं. दोन महिन्यांच्या आंतील मुलाचा श्वास मिनिटास 60 किंवा त्याहून अधिक झाला, तर तें धोक्याचें लक्षण समजावें, असें पुस्तक सांगतें. हा आंकडा फळ्यावर लिहितां येतो. पण तान्ह्याचा श्वास मुळांतच अनियमित. म्हणून पुरें एक मिनिट मोजावें, अधिक भरल्यास पुन्हां मोजावें, मूल रडत असतां मोजूं नये, आणि मोजतांना छातीचा खालचा भाग आंत ओढला जातो काय, तें पाहावें. ही नजर खाटेपाशीं शेजारीं उभ्या असलेल्या गुरूवांचून येत नाहीं. त्या गुरूची स्वतःची नजर ताजी नसेल, तर शिष्येच्या हातीं केवळ आंकडाच लागतो. आणि त्याची किंमत ती देत नाहीं, पाळण्यांतील मूल देतें.

यावर कोणी म्हणेल, एका बाईवर दोन नोकऱ्या लादल्या तर दोन्ही बिघडतील. हा आक्षेप खोटा नाहीं. वर्गाचे तास तेवढेच ठेवून वर वॉर्डाचें ओझें दिलें, तर पूर्वींचीच वेठबिगारी नव्या नांवानें परत येईल. पण दुसराहि मार्ग आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयांत नर्सिंगच्या अध्यापिकांकडे रुग्णालयांतील जबाबदारीहि असते; तें त्यांच्या कामाचें अंगच मानलें जातें. वॉर्डांतील तास कामांत मोजले जावे, त्यांचा बढतींत विचार व्हावा आणि त्या मानानें वर्गाचे तास कमी व्हावे, एवढीच खरी अट आहे. ज्या नगरींत राज्याचे अभ्यासक्रम ठरतात, तेथून ही मागणी निघावी, हें उचितच होय.

रमाबाईंनीं शिक्षिका व नर्स यांस एका छपराखालीं आणलें. त्या दोघींस एकाच व्यक्तींत नांदूं देणें हें त्यापुढील पाऊल आहे. तें पडलें, तर पुढच्या पिढीच्या घरांतील तें क्षणभराचें मौनहि कदाचित् आपोआप संपेल. कारण रात्रीं तीन वाजतां आपल्या नातवाचा श्वास मोजीत बसलेली बाई आणि सकाळीं दहा वाजतां तो कसा मोजावा हें शिकविणारी बाई एकच आहे, हें तेव्हां त्या वडीलधाऱ्यास डोळ्यांनीं दिसलेलें असेल.