वेंडेल स्कॉट आणि दोनशे दोन फेऱ्या

तारीख १ डिसेंबर १९६३, गाव फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, दोनशे फेऱ्या, म्हणजे शंभर मैलांची शर्यत. शेवटच्या पंचवीस फेऱ्या उरल्या असताना वेंडेल स्कॉटनं रिचर्ड पेटीला मागे टाकलं आणि दोनशे फेऱ्या पूर्ण केल्या. पण झेंडा काही पडेना! स्कॉट गाडी चालवतच राहिला. दोनशे दोन फेऱ्या झाल्या आणि विजेता म्हणून नाव पुकारलं गेलं बक बेकरचं. ट्रॉफीही त्याच्याच हातात गेली.

हा स्कॉट कोण? व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा मेकॅनिक, जन्म १९२१ चा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता, टॅक्सीही चालवली आणि रात्री हातभट्टीची दारू पोहोचवली. स्टॉक कार शर्यतींचं मूळ बरंचसं याच धंद्यात आहे. गाडी बाहेरून साधी दिसायची, पण इंजिन असं बनवलेलं की पोलीस मागेच राहावेत. १९४९ मध्ये तो एकदा सापडला. पुढे १९५२ मध्ये डॅनव्हिलच्या शर्यतीच्या आयोजकांना गर्दी खेचायला एक कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनी चौकशी केली ती पोलिसांकडे, आणि पोलिसांनी स्कॉटचं नाव सुचवलं. पाठलाग करणाऱ्यांइतकी पारख दुसऱ्या कुणाला असणार?

१९५९ मध्ये तो व्हर्जिनियाचा स्पोर्ट्समन गटातला राज्य विजेता झाला आणि १९६१ मध्ये नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत उतरला. कारखान्यांचा पैसा मागे नव्हता. जुन्या गाड्या घ्यायच्या, स्वतः दुरुस्त करायच्या आणि मदतीला पोरं. जॅक्सनव्हिलची शेव्हरोले त्यानं नेड जॅरेटकडून विकत घेतलेली होती.

त्या संध्याकाळी स्कॉट हटून बसला : फेऱ्या पुन्हा मोजा. गर्दी पांगल्यावर, काही तासांनी, अधिकाऱ्यांनी मान्य केलं की मोजणीत चूक झाली. विजेता स्कॉटच, तोही दोन फेऱ्यांनी पुढे. चुका होतात, तेव्हा मोजणी माणसंच करत. पण नागरी हक्क कायदा यायला अजून सात महिने होते. विजेत्याला मंचावर गोऱ्या सुंदरीनं चुंबन द्यायची पद्धत होती आणि ते दृश्य लोकांना दाखवायचं नव्हतं, असं स्कॉटच्या घरच्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

पुढे १९६६ ते १९६९ सलग चार वर्षं तो मालिकेच्या गुणतक्त्यात पहिल्या दहात होता. १९६६ मध्ये तर सहावा. १९७३ मध्ये टॅलाडेगाच्या अपघातात तो जबर जखमी झाला आणि कारकीर्द जवळपास तिथेच संपली. एकूण ४९५ शर्यती, त्यांपैकी १४७ वेळा पहिल्या दहात आणि विजय तो एकच.

१९९० मध्ये तो गेला. २०१५ मध्ये त्याला नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. जॅक्सनव्हिलच्या विजयाची ट्रॉफी त्याच्या कुटुंबाला मिळाली ऑगस्ट २०२१ मध्ये, डेटोनात. त्याच ऑक्टोबरमध्ये बब्बा वॉलेस टॅलाडेगाला जिंकला. स्कॉटनंतर त्या मालिकेतली शर्यत जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय चालक.