बाळू पालवणकर: चेंडू दिला, कप्तानी नाही



आपल्या या मालिकेत मागच्या वेळी मी बिशनसिंग बेदींवर बोललो होतो. दिल्लीत राहून गोलंदाजांवर बोलायचे आणि बेदींना वगळायचे, म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाला न जाण्यासारखे. 67 कसोटी, 266 बळी आणि 22 कसोटींत देशाची कप्तानी. त्यानंतर इथल्याच एका मराठी गृहस्थांनी मला विचारले, "साहेब, बेदींच्या आधी असा डावखुरा फिरकी गोलंदाज आपल्याकडे कोण होता?" मी म्हणालो, बाळू पालवणकर. ते म्हणाले, "नाव ऐकले नाही." मराठी माणूस, क्रिकेटवेडा, आणि त्याने बाळूंचे नाव ऐकलेले नाही! तेव्हाच ठरवले की आजचा भाग बाळूंवर करायचा.

बेदींच्या बाबतीत मी जे सहज सांगून गेलो, ते "कप्तानी" एवढे एक पद बाळूंना आयुष्यभर मिळाले नाही. आजची गोष्ट त्याचीच आहे.

छावणीतला मुलगा

बाळूंचा जन्म 1876 चा, धारवाडचा. घराणे कोकणातले. मूळ गावाच्या नावावरून आडनाव पालवणकर. जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अस्पृश्य. वडील फौजेत होते आणि कुटुंब पुण्याला आले. लष्करात नोकरी केलेल्या माणसाला छावणी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. परेड मैदान, साहेबांचे क्लब, टेनिसचे कोर्ट, आणि कडेला नोकरांच्या चाळी. गोरे अधिकारी खेळून कंटाळले की जुनी बॅट, झिजलेला चेंडू टाकून देत. बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम त्याच सामानावर क्रिकेट शिकले.

घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळा लवकर सुटली. पहिली नोकरी पारशांच्या एका क्रिकेट मैदानावर. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा. पगार महिना 3 रुपये. 1892 च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले, तिथे 4 रुपये. जाळ्या बांधायच्या, खेळपट्टीवर रेघा मारायच्या, टेनिसचे कोर्ट आखायचे.

एक दिवस ट्रॉस नावाच्या साहेबाने या मुलाला सरावासाठी चेंडू टाकायला सांगितले. मुलगा डावखुरा. चेंडू बोटांनी वळवी आणि टप्पा मनात येईल तिथे टाकी. मग क्लबातला सर्वांत चांगला फलंदाज कॅप्टन ग्रेग रोज इतरांच्या तासभर आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करू लागला. असे सांगतात की जितक्या वेळा बाळू त्याला बाद करीत, तितक्या वेळा तो 8 आणे देई. आठवड्याला एकदा जरी साहेबाला बाद केले, तरी महिन्याला दोन रुपये. म्हणजे पगाराच्या निम्मी रक्कम! टप्पा पक्का व्हायला याहून चांगली शाळा नाही.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या क्लबात बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली, आणि एकदाही त्यांच्या हातात बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हे साहेबाचे काम आणि घाम गाळून चेंडू टाकणे हे नोकराचे, अशी वाटणी ठरलेली होती.

डावखुऱ्या फिरकीचे गणित

थोडे तंत्र सांगतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाला डावखुऱ्या फिरकीपटूचा चेंडू टप्पा पडल्यावर बाहेरच्या बाजूला निघून जातो. फलंदाज पुढे येतो, बॅट जाते एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे. मग स्लिपमध्ये झेल नाही तर यष्टिचीत. मात्र हे सगळे टप्प्यावर अवलंबून असते. टप्पा वीतभर आखूड पडला की चौकार. म्हणून या गोलंदाजाला धीर लागतो, आणि खेळपट्टी वाचता यावी लागते. कुठे ओल आहे, कुठे माती भुसभुशीत आहे, हे ज्याने वर्षानुवर्षे त्या मातीवर रोलर ओढला त्याच्याइतके कुणाला कळणार? त्या काळी इंग्लंडात विल्फ्रेड ऱ्होड्स हा अशाच गोलंदाजीचा बादशहा होता. पुढे लोक बाळूंना "हिंदुस्थानचा ऱ्होड्स" म्हणू लागले. ऱ्होड्स त्यांच्याहून वर्षाने लहान होता.

वेगळी कपबशी

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांच्या संघाला हरवायचे होते. त्यासाठी लागणारा गोलंदाज समोर दिसत होता, पण तो चर्मकार. संघात बहुतेक ब्राह्मण. वाद झाला, काहींनी बाळूंची बाजू घेतली, आणि शेवटी तोड निघाली ती अशी: मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेतील, पण चहाच्या वेळी सगळे आत बसतील आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळेल. जेवायला वेगळे पान, वेगळी जागा. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर ते मैदानाच्या कोपऱ्यात दुसरा अस्पृश्य नोकर आणून देईल.

मंडळी, क्षणभर विचार करा. चेंडू तोच. बाळूंच्या बोटांनी वळवलेला, त्यांच्या घामाने ओला झालेला. तो झेलला तर विटाळ नाही, आणि कपबशीला मात्र विटाळ!

संघ जिंकत गेला. साताऱ्याला तर गोऱ्या जिमखान्याने बाळूंची फिरकी निकामी व्हावी म्हणून खेळपट्टी कित्येक दिवस रोलरने घोटून ठेवली होती. तरी बाळूंनी 7 बळी घेतले. त्यानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीरपणे संघाला सुनावले की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे? लोकमान्य टिळकांनीही पुण्यातल्या सभेत बाळूंचा गौरव केला. टिळक आणि रानडे यांचे आपसात किती जमत होते ते आपल्याला ठाऊक आहे. त्या दोघांचे एका माणसाबद्दल एकमत व्हावे, ही मोठी गोष्ट होती.

1906 ची मुंबई

प्लेगच्या वर्षांत बाळू मुंबईला आले. तिथल्या हिंदू जिमखान्यातही आधी कुरबूर झाली, मग प्रवेश मिळाला. पुढे रेल्वेत नोकरी लागली आणि ते रेल्वेच्या संघातूनही खेळले.

फेब्रुवारी 1906 मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या 242 आणि 160 धावा. युरोपियनांच्या 191 आणि 102. हिंदू 109 धावांनी जिंकले आणि बाळूंनी सामन्यात 8 बळी घेतले. संघात शिवरामही होता. आदल्याच वर्षी जपानने रशियाला हरवले होते. आशियातला माणूस युरोपियनाला हरवू शकतो, ही भावना हवेत होती, आणि या विजयाकडे लोकांनी त्याच नजरेने पाहिले.

तोपर्यंत आणखी एक बदल झाला होता. हिंदू जिमखान्यात पालवणकर बंधू इतरांबरोबर एका टेबलाशी बसून खाऊ लागले होते. समाजसुधारकांच्या पत्रांनी त्याची दखल घेतली. बाळूंच्या विकेटींनी तो दरवाजा उघडला होता.

1911 चा इंग्लंड दौरा

दिल्लीकरांना 1911 साल म्हणजे दिल्ली दरबार आणि राजधानीची घोषणा. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय 19. महाराजांचा बहुतेक वेळ मेजवान्यांत गेला. ते मोजके सामने खेळले. संघाने सुरुवातीचे सामने ओळीने हरले.

हरणाऱ्या संघाचा गोलंदाज असणे फार कठीण काम असते. पाठीशी धावा नाहीत, हातातून झेल सुटताहेत, आणि कप्तान मैदानातच नाही. बाळू तेव्हा 35 वर्षांचे होते आणि त्यांचा खांदा दुखत होता. तरी त्या दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून 114 बळी घेतले, सरासरी 19 च्या आत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत 8. लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात 11 बळी, आणि दौऱ्यातला पहिला विजय तोच. पुढे सॉमरसेटला हरवले तेव्हा शिवरामने शतक ठोकले. संघ हरून परतला, बाळू नाव कमावून परतले.

मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिले होते, असे सांगतात. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. तोही फौजेतल्या सुभेदाराचा मुलगा, मूळ कोकणातला.

कप्तानीचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्यावर येतो. 1912 पासून हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन अशी चौरंगी स्पर्धा सुरू झाली. हिंदू संघात सर्वांत अनुभवी खेळाडू बाळू. कप्तान मात्र दर वर्षी दुसरा. 1913 मध्ये एम. डी. पै कप्तान झाले. त्यांच्या सत्काराच्या वेळी पै स्वतः म्हणाले की हा मान खरे तर बाळूंचा होता. पैंचा मोठेपणा यात दिसतो. निवड करणाऱ्यांवर मात्र त्याचा परिणाम झाला नाही.

1920 साली पै आजारी पडले. आता तरी बाळूंना कप्तानी मिळेल असे लोकांना वाटले. मिळाली दि. ब. देवधरांना, आणि बाळूंना संघातूनच वगळले. देवधर मोठे खेळाडू, यात शंका नाही, पण अनुभवाने कितीतरी लहान. तेव्हा शिवराम आणि धाकटा भाऊ विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जाहीर पत्रक काढले: केवळ जातीमुळे आम्हाला डावलले जात आहे. शहरात गलका झाला. अखेर पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत घेतले आणि उपकप्तान केले. पै बरे होऊन आले होते. सामन्यात ते काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंच्या हाती आला. वीस-पंचवीस वर्षांच्या सेवेची कप्तानी ती एवढीच.

इथे एक कबुली देतो. तरुण अधिकारी असताना मी आमच्या युनिटच्या क्रिकेट संघाचा कप्तान होतो. संघात एक हवालदार होता, माझ्यापेक्षा दहा वर्षे मोठा. क्षेत्ररक्षण कसे लावावे, केव्हा गोलंदाज बदलावा, हे त्याला माझ्याहून कितीतरी जास्त कळत असे. मी त्याला विचारून निर्णय घेई आणि टाळ्या मला मिळत. अधिकारी म्हटला की कप्तान, एवढाच हिशेब. कुणी मला तसे करायला भाग पाडले नव्हते. मी एकदा जरी म्हणालो असतो की आज संघ तुम्ही सांभाळा, तरी कुणी अडवले नसते. मी म्हणालो नाही. म्हणून 1913 च्या पैंचे ते वाक्य वाचताना मला त्या हवालदाराची आठवण येते. तिथे जात होती, इथे हुद्दा होता. दोन्ही एक नाहीत, हे मी जाणतो. हुद्दा माणूस मिळवतो, जात त्याच्यावर लादली जाते. पण चांगले काम करून घ्यायचे आणि अधिकार मात्र द्यायचा नाही, ही खोड दोन्हीकडे सारखीच.

अमेरिकेतला भाऊबंद

हे आपल्याकडेच झाले असे नाही. अमेरिकेत बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. सॅचेल पेज हा कृष्णवर्णीय पिचर त्यांतला अव्वल. पण मोठ्या लीगमध्ये काळ्यांना बंदी, म्हणून तो काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये खेळला. प्रदर्शनीय सामन्यांत गोरे खेळाडू त्याच्याविरुद्ध खेळत आणि बाद होत. 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सनने बंदी मोडली. 1948 मध्ये पेजला क्लीव्हलंडने घेतले तेव्हा त्याचे वय 42! त्याच वर्षी तो संघ अजिंक्य ठरला. 1971 मध्ये त्याला खेळाच्या सन्मान-दालनात घ्यायचे ठरले, तेव्हा आधी घोषणा काय झाली? काळ्यांच्या लीगमधील खेळाडूंसाठी वेगळा विभाग करू. लोकांनी ओरड केली, मग त्याला सर्वांच्या बरोबरीने जागा मिळाली. पुण्यातली ती मातीच्या भांड्यातली चहाची गोष्ट आठवा.

पुढे काय झाले

1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतले. त्या गर्दीत सगळ्या जातींचे लोक होते. थोरल्याला नाकारलेले धाकट्याला मिळाले. 1932 मध्ये भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हा बाळू 56 वर्षांचे होते.

त्याच 1932 मध्ये पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळूंचे नाव आहे. बाबासाहेबांना वेगळे मतदारसंघ हवे होते, बाळू गांधीजींच्या बाजूने होते. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांसमोर बाळूंना उभे केले. बाळू सुमारे 2,000 मतांनी हरले. यावरून आजही लोक भांडतात. मला वाटते, बाळूंनी आयुष्यभर एकाच संघात आतून जागा मिळवली होती. कपबशीपासून टेबलापर्यंत, टेबलापासून उपकप्तानीपर्यंत. त्यांना तोच रस्ता खरा वाटला. बाबासाहेबांच्या बाजूने विचारता येईल की सगळ्यांत चांगला गोलंदाज असूनही उपकप्तानीवरच थांबावे लागत असेल, तर ज्याला गोलंदाजी येत नाही त्याने काय करायचे? या प्रश्नाला क्रिकेटच्या मैदानात उत्तर नव्हते.

4 जुलै 1955 रोजी बाळू मुंबईत वारले. 33 प्रथम श्रेणी सामन्यांत 179 बळी, सरासरी 15 च्या आसपास. हे आकडे पुस्तकात मिळतात. कप्तान म्हणून सामने: शून्य. बाळूंचा हिशेब मांडताना हा दुसरा आकडाही शेजारी लिहावा, एवढेच माझे सांगणे.

आणि तुमच्या कचेरीत, सोसायटीत, संघात असा कुणी असेल, ज्याच्याकडून काम सगळे घेतात पण कप्तानी कुणी देत नाही, तर पुढच्या सामन्यात संघ त्याच्या हाती द्या. मी दिला नाही, तुम्ही द्या.

जय हिंद.