शिट्टीवाले सर

3 डिसेंबर 2024 रोजी दादरच्या शिवाजी पार्कवर एका स्मारकाचं अनावरण झालं. स्मारक कुणा राजाचं नाही, पुढाऱ्याचं नाही. शाळेतल्या मुलांना क्रिकेट शिकवणाऱ्या रमाकांत आचरेकर सरांचं. अनावरणाला सचिन तेंडुलकर हजर होता. बातमी वाचून बरं वाटलं आणि आमच्या शाळेतल्या एका सरांची आठवण झाली. आज दोघांविषयी बोलायचं आहे.

आचरेकरांचा जन्म 1932 सालचा, मालवणचा. मुंबईत ते स्टेट बँकेत नोकरीला होते. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. 1963 साली हैदराबादच्या मोईन-उद-दौला स्पर्धेत ते स्टेट बँकेकडून खेळले, तेवढाच. स्वतःला जे मिळालं नाही ते दुसऱ्यांच्या मुलांना मिळावं म्हणून पुढं त्यांनी सगळं आयुष्य वेचलं. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराचा संघ त्यांनी घडवला, शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्लब चालवला. चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, रमेश पोवार ही सारी त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं.

शिकवण्याची तऱ्हा साधी होती. नेटमध्ये फार वेळ घालवायचा नाही, सामने खेळायचे. सचिनला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. बाद करील त्याला नाणं, नाहीतर सचिनला. अशी तेरा नाणी त्यानं जपून ठेवली आहेत. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर मराठीतले कवी आणि प्राध्यापक. कवीच्या मुलाला आचरेकरांच्या शाळेत घालण्यासाठी बांद्र्याहून दादरला पाठवायचं ठरलं, यात त्या घराचं मोठेपण आहे, असं मला एक कवी म्हणून नेहमी वाटतं.

फेब्रुवारी 1988 मधली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध सचिन आणि कांबळी यांनी 664 धावांची अभंग भागी केली. सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349. सर त्या दिवशी मैदानावर नव्हते. डाव सोडा असा निरोप मैदानावरून येत होता, आणि पोरं तिकडे बघतच नव्हती. शेवटी उपाहाराच्या वेळी सरांशी फोनवर बोलणं झालं आणि डाव सोडावा लागला. कांबळीला 350 साठी एकच धाव हवी होती. सरांनी ती दिली नाही. सामना जिंकायचा असतो, आकडा नव्हे, एवढा त्याचा अर्थ. पुढं त्याच कांबळीनं सहा बळी घेतले आणि झेवियर्सचा डाव 145 धावांत आटोपला.

1990 साली सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, 2010 साली पद्मश्री. नोव्हेंबर 2013 मध्ये वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिननं सांगितलं, की सर मला कधीही ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत. मुलगा गाफील राहील अशी त्यांना धास्ती होती. 2 जानेवारी 2019 रोजी सर गेले.

आता आमच्याकडचं. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 नंतर एमआयडीसीचे कारखाने आले, 1982 साली महापालिका झाली. 1999 साली चाकणला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं ते गाव मोटारींचं झालं. हा इतिहास लिहिला गेला. थेरगावला दिलीप वेंगसरकरांची अकादमी आली, तिथं शिकलेला सांगवीचा ऋतुराज गायकवाड भारताकडून खेळला, हेही लिहिलं गेलं. पण त्याआधी गावोगावच्या शाळांत जे पी.टी.चे सर होते, त्यांच्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही.

आमचे सर एकाच शाळेत एकतीस वर्षं होते. सकाळी फक्कीनं मैदान आखायचं काम ते शिपायाला सांगत नसत. स्वतः वाकून आखत. आमच्या घरी दख्खनी बोलत. माझं मराठी पक्कं झालं ते कबड्डीच्या मैदानावर. मी इतका हाडकुळा, की पहिल्याच पकडीत मोडलो असतो. सरांनी मला संघात न घेता गुणलेखकाच्या टेबलाशी बसवलं. शिवाय सामन्याची हकिकत शाळेच्या फळ्यावर लिहायची. ते माझं पहिलं मराठी लेखन.

तालुक्याचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. शेवटच्या मिनिटांत आमच्या चढाईपटूला एक गुण मिळाला आणि गडबडीत, खोटं कशाला बोलू, थोडी गडबड आणि थोडा मोह, मी दोन लिहिले. बरोबरी झाली. पंचांच्या ध्यानात आलं नाही, समोरच्या संघाच्याही नाही. सर टेबलाशी आले, कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, “घडलं ते लिही. व्हावंसं वाटलं ते लिहू नकोस.” मग मलाच पंचांकडे पाठवलं. आम्ही एका गुणानं हरलो. मुलं आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीत. सर बोलत होते. फळ्यावर हकिकत मीच लिहायची, हेही त्यांनीच बजावलं. मी ती लिहिली, चुकीसकट.

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. ढाल शाळेत आली असती, तर सरांच्याही नावाला चार लोकांत किंमत आली असती. एकतीस वर्षांत तशी संधी पुन्हा आली नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि चहा, एवढंच झालं.

पुढं कवितेत शब्द चुकला, भावना फुगवून लिहिली, की टेबलाशी उभे असलेले सर दिसतात. आचरेकरांनी एक धाव दिली नाही, आमच्या सरांनी एक गुण घेतला नाही. एकाचं स्मारक झालं. दुसऱ्याच्या मैदानावर आज गाड्या उभ्या असतात. तुमच्याही शाळेत असे कुणी सर असतील. ते हयात असतील तर एकदा जाऊन भेटा. त्यांनी तुम्हाला ‘छान’ म्हटलं नसेल, तुम्ही त्यांना म्हणा. मला ते जमलं नाही. मी गेलो तेव्हा उशीर झाला होता.