घराच्या संरक्षणाची बंदूक : शस्त्र कायदा आणि शस्त्रनिवडीचा इतिहास (१८५७ ते २०१९)

प्रस्तावना :

घराच्या संरक्षणासाठी कोणती बंदूक घ्यावी व तीत कोणते काडतूस वापरावे, हा प्रश्न वरकरणी व्यक्तिगत व तांत्रिक स्वरूपाचा वाटतो. भारताच्या संदर्भात मात्र त्याचे उत्तर गृहस्थाच्या गरजेपेक्षा राज्यसंस्थेच्या धोरणाने दिले आहे. सामान्य घरात आढळणारी बारा बोअरची दुनळी बंदूक किंवा .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर यांमागे सुमारे दीडशे वर्षांचा कायद्याचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा आढावा घेऊन, घरगुती शस्त्राची निवड कोणत्या तत्त्वांवर घडत गेली याचे विवेचन करण्यात आले आहे.

अधिकार व साधन यांतील अंतर :

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सत्तेने निःशस्त्रीकरणाचे धोरण स्वीकारले. १८५७ चा २८ वा व १८६० चा ३१ वा कायदा हे त्या धोरणाचे आरंभीचे टप्पे होत. त्याच काळात, १८६० मध्ये, भारतीय दंड संहिता संमत झाली. तिच्या कलम ९६ ते १०६ मध्ये शरीर व मालमत्ता यांच्या खाजगी संरक्षणाचा अधिकार मान्य करण्यात आला. कलम १०३ नुसार रात्रीच्या वेळी घर फोडून आत शिरणाऱ्याचा प्रतिकार करताना, काही मर्यादांच्या अधीन राहून, त्याचा मृत्यू घडवून आणण्यापर्यंत हा अधिकार पोहोचत होता. कलम ९९ ने त्याला बंधन घातले. संरक्षणासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येईल आणि सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास अवधी असल्यास हा अधिकार उरणार नाही, असे ते बंधन होते.

पुढे लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा त्याने गुन्हा ठरविला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. अशा रीतीने एका कायद्याने स्वसंरक्षणाचा अधिकार दिला व दुसऱ्याने त्याचे साधन परवान्याच्या स्वाधीन केले. हा कायदा आला तेव्हा दख्खन १८७६ ते १८७८ च्या दुष्काळातून जात होता. फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या दलाने शिरूर तालुक्यातील धामारी येथे सावकारांची घरे लुटली. बंडाची राज्यकर्त्यांना वाटणारी भीती व लुटीची गृहस्थाला वाटणारी भीती या एकाच काळातील दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. कायद्याने पहिलीचा विचार प्रामुख्याने केला.

या कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात ठराव केला. जून १९०८ मध्ये 'केसरी'च्या अग्रलेखातून लोकमान्य टिळकांनी शस्त्रबंदीवर कठोर टीका केली. त्या काळातील लेखांवरूनच त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनीही या कायद्याची गणना ब्रिटिश राज्याच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली, हे लक्षणीय आहे.

नळी व काडतूस यांचे राजकारण :

शस्त्रावरील नियंत्रण केवळ परवान्यापुरते नव्हते. लष्कराचे काडतूस खाजगी बंदुकीत चालू नये, हे त्यामागील मुख्य सूत्र होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरच्या रायफली व काडतुसे यांच्या भारतातील आयातीवर बंदी आली. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीचा दारूगोळा बंडखोरांना उपयोगी पडेल, ही त्यामागील भीती होती. परिणामी इंग्लंडमधील बंदूककारांनी शिकारीसाठी .४६५, .४७० यांसारखी नवी मापे प्रचारात आणली. पुढे .३०३ हे लष्करी माप असल्याने भारतात .३१५ बोअरची खाजगी रायफल रूढ झाली.

बारा बोअरच्या बंदुकीला अशी अडचण नव्हती. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी जिच्या नळीत बसते ती बारा बोअरची बंदूक. तिच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मि.मी. असतो. तिची नळी आतून गुळगुळीत असल्याने मारा दूरवर अचूक होत नाही, आणि लांबीमुळे ती अंगावर लपविता येत नाही. राज्यसंस्थेच्या दृष्टीने ती सर्वांत कमी धोक्याची होती. म्हणूनच ती प्रजेच्या घरी पोहोचली.

स्वातंत्र्यानंतरची निवड :

१९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य करण्यात आला होता. संविधान सभेत मात्र डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट करण्याची सूचना मांडली, तेव्हा ती स्वीकारली गेली नाही. असा हक्क दिल्यास गुन्हेगारही त्यावर दावा सांगतील, असा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा युक्तिवाद होता. परकीय सत्तेच्या संशयातून आलेले नियंत्रण आता नागरिकांच्या सुरक्षिततेच्या भूमिकेतून स्वीकारले गेले.

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याचे कलम १३ (३) प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. संरक्षण किंवा खेळ यांसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, अशी वाटणी या कलमातच आहे. अन्य शस्त्रांसाठी 'पुरेसे कारण' दाखवावे लागते. म्हणजेच घराची बंदूक कोणती, हे कायद्यानेच सांगितले. शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र प्रत्येक बारानंतर पुन्हा ठासावी लागणारी बंदूक आली. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्यास पटले तरच त्याला दुसरी मिळू शकते.

१९६२ च्या नियमांनी .३०३, ७.६२ मि.मी. आणि ९ मि.मी. ही लष्करी काडतुसे चालणारी शस्त्रे निषिद्ध बोअरमध्ये घातली. त्यामुळे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत .३२ हे माप पुढे आले. कानपूर येथील सरकारी कारखान्यात असे रिव्हॉल्व्हर तयार होऊ लागले. जानेवारी २०१४ मध्ये महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून आलेले 'निर्भीक' हेदेखील .३२ बोअरचेच होते. त्याची सुमारे १ लाख २२ हजार रुपयांची किंमत पाहता ते कोणत्या घरांपर्यंत पोहोचणार, हा प्रश्न त्या वेळी उपस्थित झाला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली व परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली.

काडतुसाचा प्रश्न :

बंदूक ठरल्यानंतर गृहस्थाच्या हाती खरी निवड उरते ती काडतुसाची. बारा बोअरमध्ये बारीक छर्रे, मोठे छर्रे व एकच भरीव गोळी असे तीन मुख्य प्रकार येतात. पुण्याजवळील खडकी येथील १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात अशी काडतुसे बनत आली आहेत. बारीक छर्रा पक्ष्यांच्या शिकारीसाठी असतो. अंतर वाढताच त्याचा जोर झपाट्याने कमी होतो. मोठ्या छर्ऱ्याचा आघात अधिक असतो, पण तो पातळ भिंतीच्या पलीकडे जाऊ शकतो. भरीव गोळीबाबत हा धोका सर्वांत जास्त असतो. जाड भिंतींचा जुना वाडा, पत्र्याची खोली आणि शहरातील चाळ यांत एकाच काडतुसाचा परिणाम सारखा होत नाही. पलीकडच्या खोलीतील आप्त किंवा शेजारी त्याच्या टप्प्यात येऊ शकतो. आवश्यक तेवढीच इजा हे कलम ९९ चे तत्त्व काडतुसाच्या निवडीलाही लागू पडते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असली, तरी हे तत्त्व कायम आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, भारतातील घरगुती शस्त्र हे प्रामुख्याने राज्यसंस्थेच्या दृष्टीने निरुपद्रवी असण्याच्या कसोटीवर निवडले गेले. नळीची लांबी व काडतुसाचे माप या त्या कसोटीच्या दोन बाजू होत. स्वातंत्र्यानंतर तिचा हेतू बदलला, पण चौकट बव्हंशी टिकून राहिली. दुसरे असे की, या चौकटीत सर्व घरे समान नव्हती. परवाना, किंमत व 'पुरेसे कारण' यांमुळे शस्त्राची प्रत गृहस्थाच्या सामाजिक स्थानाशी जोडली गेली. आडरानातील वस्तीला भीती अधिक आणि साधन कमी, ही विसंगती १८७८ प्रमाणेच नंतरही राहिली. नियंत्रणाची आवश्यकता मान्य करूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या राज्याने संरक्षणाचे साधन आपल्या हाती ठेवले, त्याच्यावर त्या घरांच्या संरक्षणाची जबाबदारीही तितक्याच प्रमाणात येते. शस्त्र कायद्याच्या इतिहासाचे मूल्यमापन या जबाबदारीच्या निकषावरही होणे आवश्यक आहे.